मोटारीतील स्वयंचलित विराम-प्रारंभ यंत्रणा : ‘बंद पडणे’ आणि ‘बंद होणे’

यंत्राच्या थांबण्याविषयी मराठी भाषक तीन निरनिराळे प्रयोग करतो. ‘इंजिन बंद केले’ ह्या प्रयोगात कर्ता आहे आणि त्याची इच्छाही आहे. ‘इंजिन बंद झाले’ ह्यात कर्त्याचा निर्देश नाही. घटना तेवढी सांगितली आहे. ‘इंजिन बंद पडले’ ह्यात मात्र कोणाची इच्छा नसताना, किंबहुना इच्छेविरुद्ध, काही घडल्याची सूचना आहे. आजारी पडणे, मागे पडणे, महाग पडणे, तोंडघशी पडणे ह्या प्रयोगांत ‘पडणे’ हे क्रियापद जी अर्थच्छटा आणते, तीच येथेही आहे. मोटारीच्या बाबतीत हा भेद दीर्घकाळ कधी संदिग्ध राहिला नव्हता. किल्ली फिरवून थांबवलेले इंजिन हे बंद केलेले असे. किल्लीला हात न लागता थांबलेले इंजिन हे बंद पडलेले असे, आणि मग पुढची वाट कारागिराच्या दुकानाकडे जाई.

अलीकडच्या अनेक मोटारींनी ही व्यवस्था मोडली आहे. नागपुरात वर्धा मार्गावर अजनी चौकात तांबडा दिवा लागावा, चालकाने गाडी उभी करून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा आणि क्लचवरील पाय काढावा, की एक-दोन सेकंदांत इंजिन शांत होते. दिवा हिरवा झाल्यावर क्लच दाबताच ते पुन्हा सुरू होते. किल्लीला मध्यंतरी कोणी स्पर्श केलेला नसतो. उत्पादक ज्या सोयीस ‘स्टार्ट-स्टॉप’ म्हणतात व जिला येथे विराम-प्रारंभ यंत्रणा असे म्हटले आहे, तिचे हे दृश्य स्वरूप होय. नव्या मालकाची पहिली तक्रार मात्र जुन्याच क्रियापदात येते : ‘गाडी सिग्नलवर बंद पडते’, किंवा नागपुरी वळणाने, ‘गाडी सारखी बंद पडून राहिली’. पुढे एप्रिल-मे महिन्यांत हीच तक्रार उलटते : ‘आता ती बंदच होत नाही’. दोन्ही तक्रारींत दोष गृहीत धरलेला आहे, आणि बहुधा दोन्ही वेळा यंत्रणा निर्दोष असते. इंजिन थांबवणे व सुरू करणे हे तिच्या कामाचे बाह्य अंग आहे. तिचे खरे काम, इंजिन थांबू द्यावे की नाही ह्याचा प्रत्येक वेळी नव्याने निर्णय करणे, हे आहे. तो निर्णय कशावरून होतो हे ठाऊक नसले म्हणजे तिचे वागणे लहरी वाटते, आणि बसल्याबरोबर बटण दाबून तिला रजा देण्याची सवय लागते.

हा खटाटोप कशासाठी, हे प्रथम पाहावयास हवे. उभ्या मोटारीतील इंजिन मिनिटाला साधारणपणे सातशे ते नऊशे फेरे घेत असते. चाके फिरत नसल्यामुळे ह्या फिरण्यातून वाहतुकीचे काम शून्य होते. जळलेले इंधन इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात, हवा ओढण्यात, वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरला फिरवण्यात आणि वातानुकूलन चालू असल्यास त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये खर्ची पडते. लहान पेट्रोल मोटारीत हा खर्च तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर असतो. समजा, तो ०.६ लिटर आहे आणि घरापासून कार्यालयापर्यंत जाता-येता दीड-दीड मिनिटाचे दहा थांबे होतात. दिवसाची पंधरा मिनिटे, म्हणजे १५० मिलिलिटर. वर्षाच्या तीनशे दिवसांत ४५ लिटर पेट्रोल. लिटरमागे सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरल्यास एका मोटारीमागे शंभर किलोग्रॅमहून थोडा अधिक वायू केवळ उभे राहण्यापायी हवेत जातो. तापलेले इंजिन पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन त्या मानाने फार थोडे. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासातून निघालेला ठोकताळा असा की, दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचे असेल तर इंजिन चालू ठेवण्यापेक्षा बंद करून पुन्हा सुरू करण्यातच इंधनाची बचत आहे.

हे काम चालकाने स्वतः करावे असे आवाहन जुने आहे. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम ह्याच हेतूने काढली होती. परंतु गर्दीच्या चौकात, मागच्या वाहनांचे भोंगे कानांवर येत असताना, दर वेळी किल्ली फिरवण्याचा संयम फार थोड्यांजवळ असतो. जे चालकाच्या इच्छेवर सोपवून साधले नाही, ते यंत्रावर सोपवावे, ही विराम-प्रारंभ यंत्रणेमागील मूळ कल्पना होय.

ह्या कल्पनेचा मार्ग विजेच्या स्टार्टरने मोकळा केला. त्यापूर्वी इंजिन सुरू करण्यासाठी समोरून लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. त्या काळी सिग्नलवर इंजिन बंद करणे हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. चार्ल्स केटरिंग ह्याने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हँडल हळूहळू अडगळीत गेले. इंग्रजीत ह्या साधनास प्रारंभी ‘सेल्फ-स्टार्टर’ म्हणत. मराठी कारागिरांनी त्यातील उत्तरपद गाळून पूर्वपद ठेवले, आणि ‘सेल्फ मारणे’, ‘सेल्फ गेला’, ‘सेल्फ उचलत नाही’ असे प्रयोग रूढ झाले. वस्तुतः किल्ली माणसानेच फिरवावयाची असल्यामुळे ह्या सेल्फमध्ये ‘स्व’ असा काहीच नव्हता. तो शब्द अन्वर्थक व्हावयास विराम-प्रारंभ यंत्रणा यावी लागली.

यंत्रणेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. टोयोटाने १९७४ साली क्राउन मोटारीवर अशी सोय देऊन पाहिली. १९८० च्या दशकात फियाट व फोक्सवॅगन ह्यांनी प्रयोग केले. ग्राहकांनी त्यांचे फारसे स्वागत केले नाही, कारण पुन्हा सुरू होण्यास लागणारा वेळ व होणारा धक्का नकोसा वाटे. २००४ साली सित्रोएनने सी-३ मोटारीत आल्टरनेटरलाच स्टार्टरचे काम दिले, आणि २००७ पासून बीएमडब्ल्यूने बळकट केलेल्या नेहमीच्या स्टार्टरवर ही सोय मोठ्या प्रमाणावर देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रातील वाचकास जवळचे उदाहरण महिंद्रचे आहे. २००८ च्या सुमारास ह्या कंपनीने बॉशच्या सहकार्याने स्कॉर्पिओ गाडीत विराम-प्रारंभ यंत्रणा आणली व तिला ‘मायक्रो हायब्रिड’ असे नाव दिले. हे नाव जरा दिशाभूल करणारे आहे. ह्या गाडीची चाके विजेवर कधीच फिरत नसत. संकर होता तो फक्त थांबण्याच्या क्षणापुरता. मारुती सुझुकीने २०१५ साली सियाझच्या डिझेल आवृत्तीत पट्ट्याने जोडलेला स्टार्टर-जनित्र बसवला. तो इंजिन सुरू तर करी, शिवाय वेग घेताना थोडा हातभारही लावी.

आता निर्णयाकडे वळू. गिअर हाताने बदलावयाच्या मोटारीत इंजिन थांबण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी जुळून याव्या लागतात, हे पाहिले म्हणजे ह्या यंत्रणेचे मर्म ध्यानी येते. चाकांवरील वेगमापक शून्य किंवा जवळजवळ शून्य वेग सांगत असला पाहिजे. गिअर न्यूट्रलमध्ये असल्याचे गिअरपेटीवरील संवेदकाने कळवले पाहिजे. क्लचवर पाय नसला पाहिजे. चालकाचा पट्टा बांधलेला, त्याच्या बाजूचे दार लावलेले आणि बॉनेट मिटलेले हवे. इंजिनातील पाणी कामाच्या तापमानास पोहोचलेले हवे. थंड इंजिन थांबवले तर धुराची शुद्धी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरमच होणार नाही. बॅटरीत पुन्हा सुरू करण्याइतका साठा हवा, आणि तिचे तापमान फार कमी वा फार जास्त नको. गाडीच्या आतील हवा चालकाने मागितलेल्या तापमानाच्या आसपास हवी. ब्रेकला जोर देणाऱ्या पेटीत पुरेशी निर्वात अवस्था हवी.

ह्यांपैकी शेवटची अट सामान्यतः कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबावे लागेल. पेट्रोल मोटारीत ब्रेकचे पेडल हलके लागते ते इंजिन हवा ओढत असताना निर्माण होणाऱ्या निर्वाततेमुळे. इंजिन थांबले की नवी निर्वातता तयार होत नाही; साठ्यात असलेली दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरती पुरते, आणि मग पेडल दगडासारखे घट्ट होते. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे धोक्याचे का, ह्याचे एक कारण हेच आहे. यंत्रणा ह्या पेटीतील दाबावर सतत लक्ष ठेवते. सिग्नलवर उभा असलेला चालक अस्वस्थपणे ब्रेक दाबत-सोडत राहिला, तर दिवा तांबडा असतानाच इंजिन सुरू होते. चालकास ती यंत्राची लहर वाटते. वास्तविक ते त्याच्याच पायाला दिलेले उत्तर असते.

तर्काच्या भाषेत बोलावयाचे तर थांबण्याच्या ह्या सर्व अटी ‘आणि’ ह्या अव्ययाने जोडलेल्या आहेत. क आणि ख आणि ग आणि घ... अशा लांबलचक संयोगातील एकही घटक असत्य ठरला, तर संपूर्ण विधान असत्य. पुन्हा सुरू होण्याचे विधान मात्र ‘किंवा’ने बांधलेले असते. क्लच दाबला, किंवा गाडी उतारावर घरंगळू लागली, किंवा बॅटरी खालावली, किंवा आतील हवा तापली, किंवा निर्वातता घटली, ह्यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी असते. संयोगाचा निषेध म्हणजे निषेधांचा विकल्प, हा तर्कशास्त्रातील नियम ऑगस्टस द मॉर्गन ह्याच्या नावाने ओळखला जातो. (हा गणिती जन्माने मदुरैचा, १८०६ सालचा.) सिग्नलवरील मोटार ह्याच नियमाचे प्रात्यक्षिक दाखवत असते. थांबण्याला सर्वांची संमती लागते. निघण्याला एकाचीही मागणी चालते. इंजिन थांबणे हे दुर्मीळ आणि सुरू राहणे हे सुलभ असावे, अशी ही रचना जाणूनबुजून केलेली आहे, कारण न थांबलेल्या इंजिनाने थोडे इंधन वाया जाते, पण न सुरू होणाऱ्या इंजिनाने माणूस चौकात अडकतो.

तथापि हे प्रात्यक्षिक दोन ठिकाणी नियमाला सोडून जाते, आणि तीच ठिकाणे अधिक उद्बोधक आहेत. पहिले असे की, थांबण्याचा व निघण्याचा उंबरठा एकच ठेवता येत नाही. ठरावीक तापमानाच्या किंचित खाली थांबावे आणि किंचित वर सुरू व्हावे, असे ठरवले तर इंजिन दर काही सेकंदांनी बंद-चालू होत राहील. म्हणून दोन उंबरठ्यांमध्ये अंतर ठेवलेले असते. त्या मधल्या पट्ट्यात यंत्रणा पूर्वीचीच अवस्था पुढे चालवते. म्हणजे तेथे ‘आता काय आहे’ ह्याबरोबरच ‘आधी काय होते’ हेही निर्णायक ठरते. केवळ वर्तमानावर चालणाऱ्या तर्कात भूतकाळ येथे शिरतो.

दुसरे ठिकाण माणसाच्या जिवाशी निगडित आहे. इंजिन थांबलेले असताना चालकाने पट्टा सोडला, दार उघडले, किंवा कोणी बॉनेट उचलले, तर थांबण्याची एक अट मोडली. नियमाप्रमाणे इंजिन सुरू व्हावयास हवे. पण चालक खाली उतरत असेल, किंवा कारागिराचा हात पंख्याजवळ असेल, तर आपोआप सुरू होणारे इंजिन प्राणघातक ठरेल. म्हणून अशा वेळी यंत्रणा साधारणपणे आपला अधिकार सोडते, आणि किल्लीने किंवा बटणाने माणसानेच इंजिन सुरू करावे, अशी वाट पाहते. पूर्वी शांत इंजिन म्हणजे बंद गाडी, हे समीकरण पक्के होते. आता शांत इंजिन हे तीन अवस्थांचे बाह्य लक्षण असू शकते : बंद केलेले, बंद पडलेले आणि थांबून वाट पाहणारे. ह्या तिसऱ्या अवस्थेस मराठीत अद्याप स्वतंत्र क्रियापद मिळालेले नाही. गाडी बंदच आहे अशा समजुतीने खाली उतरणाऱ्या चालकाची चूक मुळात ह्या नामकरणाच्या उणिवेतून होते, असे म्हणण्यास जागा आहे. उत्पादकांनी दर्शकपट्टीवर एक लहानसे चिन्ह ठेवून ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला आहे. पण चिन्ह वाचावे लागते, आणि इंजिनाचा आवाज न वाचताच कळत असे.

पुन्हा सुरू होण्याची क्रिया अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपावी लागते. तसे झाले नाही तर क्लच दाबून पहिला गिअर पडेपर्यंत इंजिन तयार नसते. सकाळी गाडी सुरू करताना ह्याहून अधिक वेळ लागतो, कारण भुजादंड, ज्याला कारागीर क्रँकशाफ्ट म्हणतात, तो कोणत्या कोनात उभा आहे हे नियंत्रकास ठाऊक नसते. एक-दोन फेरे घेतल्यावर ते त्याला उमगते. विराम-प्रारंभ यंत्रणेत ह्या दंडावरील संवेदक पुढे व मागे अशा दोन्ही दिशांच्या हालचाली मोजतो. थांबता-थांबता इंजिन किंचित उलटे फिरते, तेही त्याच्या हिशेबात येते. त्यामुळे कोणत्या सिलिंडरात प्रथम इंधन सोडावयाचे, हे आधीच ठरलेले असते. माझ्दाने २००९ साली ह्यापुढची पायरी गाठली. तिच्या यंत्रणेत इंजिन थांबताना पिस्टन ठरावीक मधल्या जागी उभे राहतील अशी योजना केली जाते, आणि सुरू करताना सिलिंडरातील इंधनाचा स्फोटच मुख्य जोर देतो; सेल्फ नावापुरता मदतीस असतो.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र वेगळाच आहे. इंजिन थांबण्याचा हुकूम सुटला, फेरे सातशेवरून उतरू लागले, आणि त्याच क्षणी दिवा हिरवा झाला. चालकाने विचार बदलला. पण इंजिन धड चालू नाही, धड थांबलेलेही नाही. नेहमीच्या सेल्फमध्ये दातेरी चाक पुढे सरकून जडचक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, अडकते आणि मग मोटर फिरते. जडचक्र स्वतःच फिरत असताना स्थिर दात त्याच्यात घातले तर कर्कश आवाज होईल व दात तुटतील. पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, तर मागचे भोंगे सुरू होतात. ह्यावर एक तोड अशी निघाली की, दातेरी चाक पुढे ढकलणे आणि मोटर फिरवणे ही दोन कामे दोन वेगळ्या चुंबकांकडे द्यावयाची. फेरे अधिक असतील तर प्रथम मोटर फिरवून वेग जुळवावा व मग दात भिडवावेत. फेरे कमी असतील तर उलट क्रम. पट्ट्यावरील स्टार्टर-जनित्रात ही अडचणच येत नाही, कारण पट्टा कायमचाच जोडलेला असतो. आवाजही जवळपास होत नाही.

एवढ्या वेळा सुरू व्हावयाचे म्हटल्यावर झीज अधिक होणार, हा आक्षेप साहजिक आहे आणि तो निराधार नाही. सामान्य सेल्फ काही दहा हजार वेळा सुरू करण्याच्या हिशेबाने घडवलेला असतो. विराम-प्रारंभ मोटारीतील सेल्फ दोन-तीन लाख वेळांसाठी घडवतात, त्याचे ब्रश व दातेरी चाक अधिक टिकाऊ असतात. इंजिनातील बेअरिंगांचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. दंड वेगाने फिरत असताना तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, धातूला धातू लागत नाही. इंजिन थांबले की थर मोडतो, आणि प्रत्येक प्रारंभी पहिला क्षण घर्षणाचा असतो. म्हणून अशा अनेक इंजिनांत बेअरिंगांवर बहुवारिकाचा लेप दिलेला असतो. ज्या मोटारीत मुळातच ही व्यवस्था आहे, तिच्या बाबतीत सेल्फ व बेअरिंगे लवकर जातील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. बॅटरीविषयी मात्र तसे म्हणता येणार नाही, आणि नागपूरकरांच्या दृष्टीने खरा प्रश्न तिचाच आहे.

सामान्य शिसे-आम्ल बॅटरी सकाळी एकदा मोठा प्रवाह देते आणि दिवसभर भरलेली राहते. विराम-प्रारंभ मोटारीत तिला प्रत्येक थांब्यावर दिवे, पंखा, रेडिओ ह्यांचा भार एकटीने वाहावा लागतो, आणि लगेच शेकडो अँपिअर देऊन सेल्फ फिरवावा लागतो. वारंवार अर्धवट रिकामी होणारी सामान्य बॅटरी लवकरच दम टाकते. पट्ट्यांवर गंधकीय क्षार साचतो, आम्ल तळाशी जड होते. यास्तव येथे दोन सुधारित प्रकार वापरतात. एकात पट्ट्यांवर आधाराची जाळी घालून त्यांचे द्रव्य झडू दिले जात नाही. दुसऱ्यात सर्व आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते. हा प्रकार महाग, पण चिवट. बॅटरीच्या ऋण टोकावर बसवलेला लहानसा संवेदक आत-बाहेर जाणारा प्रवाह, दाब व तापमान मोजून साठ्याचा अंदाज बांधतो. थांबण्याची संमती सर्वाधिक वेळा नाकारली जाते ती ह्याच्या सांगण्यावरून.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेवढे दर वर्षी होत नसले, तरी मे महिन्यातील पंचेचाळीस अंश येथे कोणास नवे नाहीत. अशा दुपारी सीताबर्डीवर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली हवा बाहेरच्याहून कितीतरी तापलेली असते, आणि उष्णता शिसे-आम्ल बॅटरीची शत्रू आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. दुसरीकडे बहुतेक मोटारींत वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबले की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा तेवढा फिरत राहतो, आणि थंड हवेची कोमट हवा होण्यास फार वेळ लागत नाही. यंत्रणेपुढे तेव्हा दोन मार्ग असतात : मुळातच न थांबणे, किंवा थांबून अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू होणे. दोन्हींत बचत थोडी. थंड देशांतील रस्त्यांसाठी जन्मास आलेली ही योजना वैदर्भीय उन्हाळ्यात बराचसा काळ केवळ शोभेची असते, हे स्पष्ट सांगितलेले बरे. जुलै ते फेब्रुवारी ह्या काळात तीच गाडी, तोच चौक आणि तोच चालक असूनही ती मुक्तपणे काम करते. ‘आता ती बंदच होत नाही’ ह्या तक्रारीचा उलगडा पंचांगात आहे.

संवेदकांवर विसंबलेल्या निर्णयाची मर्यादाही नागपूरने अनुभवली आहे. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान विभागाच्या तपासणीत संवेदक सदोष असल्याचे निष्पन्न झाले. तेथे तपासणारी माणसे होती. मोटारीतील नियंत्रकाला संवेदक सांगेल तेच सत्य मानावे लागते. फार तर दोन संवेदकांचे सांगणे ताडून पाहता येते. क्लचचा संवेदक बिघडला, तर गाडीची अन्य सर्व अंगे ठणठणीत असूनही इंजिन थांबणे बंद होते. बिघाड झाल्यास न थांबण्याकडे झुकावे, हा वर सांगितलेला पक्षपात येथे उपयोगी पडतो.

मग उत्पादक ही यंत्रणा इतक्या आग्रहाने का बसवतात? ह्याचे उत्तर बरेचसे परीक्षागृहात आहे. भारतात मोटारीचा इंधनखर्च मोजण्यासाठी जे सुधारित भारतीय चालनचक्र योजले गेले, त्याचे इंग्रजी आद्याक्षरी रूप ‘एमआयडीसी’ असे होते. (हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीस एमआयडीसी म्हणणाऱ्या नागपूरकराचा येथे गोंधळ होणे क्षम्य आहे.) हे चक्र ११८० सेकंदांचे आहे, आणि त्यातील नागरी भागाच्या प्रत्येक १९५ सेकंदांत सुमारे ६० सेकंद गाडी उभी असते. परीक्षा प्रयोगशाळेत होते. तेथे मे महिना नसतो. इंजिन गरम झाल्यानंतरचे बहुतेक थांबे यंत्रणेस फळतात, आणि आकडा सुधारतो. २०१७-१८ पासून प्रत्येक उत्पादकाच्या सर्व मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर किलोमीटरमागे १३० ग्रॅमची, व २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमची मर्यादा आली. अशा स्थितीत तीन-चार टक्क्यांची बचतही मोलाची ठरते. रस्त्यावरचा लाभ वाहतुकीनुसार बदलतो. मिश्र वापरात तो ह्याच सुमारास राहतो, अगदी दाट शहरी गर्दीत आठ-दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि समृद्धी महामार्गावरून मुंबईस जाणाऱ्यास जवळजवळ शून्य. ग्राहकास विकताना ‘ॲव्हरेज’ म्हणून जो एकच आकडा सांगितला जातो, त्यात ही सर्व तफावत झाकली जाते.

दुचाकींचे शहर म्हणून नागपूरचा विचार केला, तर ही यंत्रणा येथे मोटारींपेक्षा दुचाकींतून अधिक सहजपणे रुळण्यासारखी आहे. हीरो मोटोकॉर्पने २०१४ साली स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये ती आणली. न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की गाडी थांबते, क्लच ओढला की सुरू होते. होंडाने २०१९ साली ॲक्टिव्हा १२५ मध्ये ती दिली. तेथे क्लचच नाही, थोडे थ्रॉटल पिळावे लागते. दुचाकीला वातानुकूलन नाही, निर्वात ब्रेक नाहीत, बॉनेट नाही. ‘आणि’ने जोडलेली यादी चार-पाच अटींवर संपते, आणि म्हणून मे महिन्यातही ती पुष्कळदा पूर्ण होते.

मोटारीच्या मालकापुढे व्यावहारिक प्रश्न येतो तो सामान्यतः तीन-चार वर्षांनी, बॅटरी बदलण्याच्या वेळी. सुधारित बॅटरीची किंमत ऐकून बरेच जण तेवढ्याच अँपिअर-तासांची सामान्य बॅटरी बसवून घेतात. गाडी सुरू होते, दिवे लागतात, सर्व काही ठीक वाटते. विराम-प्रारंभ यंत्रणा मात्र त्या बॅटरीकडून तिला न झेपणारे काम घेऊ लागते, आणि पुढचा उन्हाळा ती बहुधा पाहत नाही. मग एखाद्या सकाळी गाडी खरोखरच बंद पडते. योग्य प्रकारची बॅटरी बसवल्यावरही काही मोटारींत नियंत्रकाला तसे विशेष उपकरणाने कळवावे लागते, कारण संवेदकाच्या हिशेबात जुन्या बॅटरीचे थकलेपण साठलेले असते. ते कळवले नाही तर नवी बॅटरी असूनही यंत्रणा तिला जुनीच समजते आणि इंजिन थांबवण्यास नकार देत राहते.